"लय पाणी" म्हणजे नेमकं किती?

पावसाळ्यात कुणालाही विचारा, "पूसला पाणी किती?" उत्तर ठरलेलं: "लय आहे!" पण लय म्हणजे किती? तासाभरात किती चढलं? हे कुणी सांगत नाही, कारण कुणी मोजलेलंच नसतं.

२२ जुलै २०२३ आठवा. आपल्याच महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यात ४५ जण पुरात अडकले, हवाई दलाची हेलिकॉप्टर मागवावी लागली. त्याआधी, २८ सप्टेंबर २०२१ ला, उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर पुलावरून पाणी वाहत असताना एसटी घातली आणि ती वाहून गेली. माणसं गेली. लक्षात घ्या, तो नाला होता, नदी नव्हे.

पूसवरच्या धरणांची पातळी मोजली जाते, इसापूरचे दरवाजे उघडले की किती क्युसेक पाणी सोडलं ते कळवतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. मोठ्या नद्यांवर केंद्रीय जल आयोग पुराच्या काळात तासातासाला पातळी नोंदवतो. पण आपल्या शिवारातल्या नाल्याचं काय? त्याचा हिशोब कुणाकडेच नाही, आणि रस्ता तर तोच अडवतो!

म्हणून माझं म्हणणं, ग्रामपंचायतीला सांगून प्रत्येक पुलाच्या खांबावर तळापासून दर १० सेंटीमीटरला रंगाचे पट्टे आखून घ्यावेत. शाळेने रोज एकाच वेळी, काठावर सुरक्षित उभं राहून, आकडा वहीत लिहावा. खर्च एका रंगाच्या डब्याचा.

वेग, वेळ, अंतराची गणितं आपण आगगाडीवर शिकवतो. महागावच्या पोरांना आगगाडी कुठे दिसते? नाला दिसतो! हिवाळ्यात, पाणी गुडघ्याखाली असताना, सरांसोबत जा. काठावर २० मीटर अंतर मोजा, लाकडाचा तुकडा सोडा. तो ४० सेकंदांत पोचला तर वेग सेकंदाला अर्धा मीटर. पण वरचं पाणी तळापेक्षा जोरात धावतं, म्हणून ०.८५ ने गुणा: ०.४२५. पात्र ८ मीटर रुंद, सरासरी खोली २५ सेंटीमीटर, म्हणजे छेद २ चौरस मीटर. गुणाकार करा: सेकंदाला ८५० लिटर! गुडघ्याखालच्या पाण्यात एवढं. (पुरात हा प्रयोग कुणीही करायचा नाही. तेव्हा फक्त लांबून पट्टा वाचायचा.)

वेग दुप्पट झाला की पाण्याचा धक्का चौपट होतो. फूटभर पाण्यातही छोटी गाडी तरंगू शकते. "एवढंसं तर आहे, निघून जाऊ" म्हणणाऱ्या काकांना हे कोण सांगणार? वहीतला आकडा दाखवून सातवीतली मुलगी सांगेल: "काका, तासाभरात चार पट्टे चढलं, थांबा."

पालकहो, येत्या ग्रामसभेत रंगाच्या डब्याचा विषय तुम्हीच काढा. खांब कोरडे आहेत तोवर.