आधी गंधकाचे सांगा

एक टन कोळसा जाळला की साधारण दीड टन कार्बन डायऑक्साइड तयार होतो. कोळशातला कार्बन हवेतला ऑक्सिजन अंगावर घेतो, म्हणून राख बाजूला काढूनही वायूचे वजन कोळशापेक्षा भरते. हे शाळेतलेच रसायनशास्त्र आहे. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट. ते सरासरी साठ टक्के भाराने चालले असे धरले, तर वर्षाला दीड कोटी टनांच्या घरात वायू होतो. म्हणजे दिवसाला चाळीस हजार टन, मालगाड्यांत मोजायचे तर रोजच्या दहा भरलेल्या गाड्या. कार्बन पकडून जमिनीत पुरण्याची योजना म्हणजे या दहा गाड्या रोज, न चुकता, कायमच्या पाताळात रिकाम्या करणे.

आता पूर्वपक्ष. तो मांडणाऱ्या सगळ्यांना कोळसा कंपन्यांचे हस्तक ठरवून मोकळे होणे मला पटत नाही. त्यांचे म्हणणे असे: देशाची सुमारे तीन चतुर्थांश वीज अजून कोळशातून येते. सूर्य संध्याकाळी मावळतो आणि दिवे तर तेव्हाच लागतात. उभी असलेली केंद्रे मोडीत काढणे गरीब देशाला परवडणार नाही, मग धुराड्यालाच सापळा लावला तर काय बिघडले? नीती आयोगाने २०२२ साली याच विषयावर अहवाल काढला आणि २०५० पर्यंत वर्षाला ७५ कोटी टन कार्बन पकडण्याची दिशा दाखवली. शिवाय दुर्गापूर, घुग्घुस, बल्लारपूर, सास्ती या पट्ट्यात किती चुली कोळशावर चालतात, ते मोजून बघा, असेही ते म्हणतात. हा शेवटचा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो. त्याच्याकडे परत येईन.

पकडण्यापासूनच सुरुवात करू. मध्य प्रदेशातल्या विंध्याचल केंद्रात एनटीपीसीने २०२२ मध्ये कार्बन पकडण्याचा संच सुरू केला. त्याची क्षमता दिवसाला २० टन. प्रयोग म्हणून तो चांगलाच आहे. पण एकट्या चंद्रपूरला तसे दोन हजार संच लागतील. मोठे प्रयोग बघायचे तर परदेशात जावे लागते आणि तिथे जाऊन आशावादी माणूस थोडा गप्पच होतो. अमेरिकेत मिसिसिपीतल्या केंपर प्रकल्पावर सात अब्ज डॉलरहून अधिक खर्च झाला, आणि २०१७ मध्ये कोळशाचा नाद सोडून तो नैसर्गिक वायूवर चालवायचे ठरले. टेक्सासमधला पेट्रा नोव्हा २०१७ ला सुरू झाला, २०२० मध्ये तेलाचे भाव कोसळल्यावर बंद पडला आणि २०२३ मध्ये पुन्हा चालू झाला. तिथे पकडलेला वायू जमिनीतून आणखी तेल वर ढकलायला वापरतात, म्हणून तेलाच्या भावावर त्याचा जीव. कॅनडातल्या बाउंडरी डॅम वीज केंद्रातला असा संच २०१४ पासून चालू आहे, पण ठरवलेल्या उद्दिष्टाच्या मागेच राहिला आहे.

यंत्राला स्वतःची भूकही आहे. पकडणारे द्रावण तापवायला आणि वायू दाबून द्रवासारखा करायला केंद्राच्या विजेचा पाचवा ते चौथा हिस्सा जातो. चंद्रपूरच्या हिशेबाने सहाशे-सातशे मेगावॅट. पाचशे मेगावॅटचा एक पूर्ण संच धूर गिळण्यासाठीच पेटवायचा, तरी भागत नाही. त्या संचाचा कोळसा कुठून येणार? खाणीतून. आणि खाण कुठे वाढणार, हे ताडोबाच्या शेजारी राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. लोहारा कोळसा खाणीविरुद्ध २००९ मध्ये चंद्रपूरकर रस्त्यावर उतरले होते ते याच भीतीने.

मग पुरायचे कुठे? विदर्भाच्या पश्चिमेला दख्खनचा काळा बेसाल्ट पसरला आहे, त्यात वायूचा दगड करता येतो, असे सांगतात. आइसलँडमध्ये ते खरोखर करून दाखवले आहे. मात्र त्या पद्धतीत एक टन वायूमागे पंचवीसेक टन पाणी लागते. २०१० च्या उन्हाळ्यात चंद्रपूरचे इरई धरण आटले आणि पाण्याअभावी तिथल्या वीज केंद्राचे संच बंद ठेवावे लागले होते. ज्या गावात वीज करायला पाणी पुरत नाही, तिथे धूर जिरवायला ते कुठून आणणार?

एवढे सगळे बाजूला ठेवू. तंत्रज्ञान उद्या स्वस्त होईल, असेही मानू. तरी एक प्रश्न उरतो आणि तो कोणी विचारत नाही, म्हणून हा लेख. कार्बन पकडणारे अमाइनचे द्रावण गंधकाच्या वायूने नासते. म्हणून धुरातला सल्फर डायऑक्साइड आधी जवळजवळ पूर्ण काढावा लागतो. तो काढायचे यंत्र, ज्याला सगळे एफजीडी म्हणतात, बसवण्याचा नियम पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर २०१५ मध्ये केला, दोन वर्षांची मुदत देऊन. मग मुदत वाढली, पुन्हा वाढली, आणखी वाढली. जुलै २०२५ मध्ये देशातल्या तीन चतुर्थांशाहून अधिक संचांना त्यातून सूटच मिळाली. अतिप्रदूषित क्षेत्रांजवळच्या केंद्रांचे मात्र तज्ज्ञ समितीने एकेक प्रकरण तपासून ठरवायचे आहे. चंद्रपूर अशा क्षेत्रांत मोडते; २००९ च्या प्रदूषण निर्देशांकात ८३.८८ गुणांनी ते देशात चौथे होते. गुण जास्त मिळून नाव खराब होण्याची ही एकच परीक्षा.

गंधकाचे यंत्र महाग म्हणून दहा वर्षे टाळायचे आणि त्याहून कितीतरी महाग, त्याच यंत्रावर अवलंबून असलेले कार्बनचे यंत्र पुढच्या दहा वर्षांत बसवतो म्हणायचे, याला धोरण म्हणत नाहीत. ही सबब आहे. तिच्या जोरावर नवे कोळसा संच मंजूर करून घेता येतात आणि सापळ्याची तारीख पुढे ढकलता येते.

मात्र खंडनाच्या भरात सगळेच झटकून टाकणे बरोबर नाही. याच जिल्ह्यात गडचांदूर, आवारपूर, उपरवाही, घुग्घुसला सिमेंटचे कारखाने आहेत. चुनखडी भाजली की तिच्या पोटातूनच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. भट्टी सूर्यावर चालवा नाहीतर वाऱ्यावर, सिमेंटच्या एकूण वायूतला निम्म्याहून अधिक वाटा तसाच राहतो. तिथे पकडण्यावाचून इलाज नाही. नॉर्वेत ब्रेविकच्या सिमेंट कारखान्यात २०२५ पासून वर्षाला चार लाख टन पकडण्याची सोय झाली आहे. सरकारला कार्बन पकडण्यावर पैसा खर्चायचाच असेल तर तो गडचांदूरला खर्चावा. विजेला पर्याय आहे, चुनखडीला नाही.

आणि पर्याय आमच्या शेतात उभा राहू शकतो. शेतीपंपांना वीज आळीपाळीने दिवसा आणि रात्री मिळते. ताडोबाच्या बफर क्षेत्रातल्या धानाच्या बांधीवर रात्री पाणी धरायला जाणे म्हणजे काय, हे शहरातल्या ऊर्जातज्ज्ञाने एकदा अनुभवावे. तिथे वाघ हा आकडेवारीतला विषय नसतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून तीन रुपये युनिटच्या आसपास मिळणारी वीज दिवसाच येते. सूर्य मावळतो ही तक्रार निदान या शेतकऱ्याच्या तोंडची नाही. संध्याकाळच्या मागणीसाठी बॅटऱ्या आणि उदंचन प्रकल्प लागतील, त्याला पैसा लागेल, आणि तोवर आहेत ते कोळसा संच चालवावेही लागतील. हे लपवण्यात अर्थ नाही.

सौरवाल्यांनाही एक बजावून ठेवतो. झुडपी जंगल म्हणजे पडीक जमीन समजून पॅनल टाकायला येऊ नका. पूर्व विदर्भातले झुडपी जंगल हे वनच, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दिला आहे. खाणींच्या मातीचे डोंगर आणि सोडून दिलेली खाणक्षेत्रे इथे भरपूर आहेत. पॅनल तिथे लावा आणि कामावर आधी खाणकामगारांची पोरे घ्या. चुलींच्या प्रश्नाला माझे उत्तर तेच आहे. अपुरे आहे, पण पाताळात वायू सोडण्यापेक्षा जवळचे आहे.

कार्बन साठवण्याची एक जुनी सोय गडचिरोलीत आहेच. मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. ती बांबू विकते आणि जंगल राखते. त्याच जिल्ह्यात लोहखनिजासाठी नऊशेहून अधिक हेक्टर वनजमीन आणि लाखावर झाडे देण्याला २०२५ मध्ये तत्त्वतः मंजुरी मिळाली. उभा साठा तोडायचा आणि पुरण्यासाठी नवे भोक शोधायचे!

तेव्हा पुढच्या जनसुनावणीत कोणी पडद्यावर स्वच्छ कोळशाची चित्रे दाखवू लागला, तर भांडू नका. हात वर करा आणि विचारा: गंधकाचे यंत्र कोणत्या महिन्यात सुरू होणार? उत्तर तारखेसह इतिवृत्तात लिहून घ्या, आणि सही करण्याआधी वाचून बघा.