नुसते ‘चुकले’ म्हणू नका, कुठे चुकले ते सांगा



‘प्रयत्नांती परमेश्वर’ अशी म्हण आहे. ती खरीच आहे. पण माझे मत असे की, नुसता सराव पुरत नाही. आपला हात कुठे चुकतो, डोळा कुठे फसतो, हे कोणीतरी दाखवायला पाहिजे. नाहीतर चुकीचाच सराव होतो आणि चूक पक्की होते.

हस्ताक्षराचेच घ्या. अक्षर खराब दिसले की मोठी माणसे म्हणतात, “दहा पाने लिही.” आता ज्याचा काना तिरका येतो तो दहा पाने तिरकाच काना काढणार! वही भरते, शाई संपते, अक्षर तसंच राहतं. त्यापेक्षा एकच ओळ लिहून घ्यावी आणि सांगावे, “काना वरून सरळ खाली ओढ.” मग दुसरी ओळ लगेच सुधारते.

गुरुजींनी आम्हाला एका प्रयोगाची माहिती सांगितली. १९३२ साली अमेरिकेत ट्रोब्रिज आणि कॅसन या दोघांनी माणसांचे डोळे बांधून त्यांना तीन इंचांच्या रेघा काढायला लावल्या. काहींना काहीच सांगितले नाही. त्यांची रेघ सुधारली नाही. काहींना फक्त ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ एवढेच सांगितले. ते थोडे सुधारले. आणि ज्यांना रेघ किती लांब किंवा किती आखूड झाली ते नेमके सांगितले, ते सर्वांत जास्त सुधारले. पालकांनो, पाटी आणि पट्टी घेऊन हा खेळ घरी करून बघा.

डोळ्यांचेही तसेच आहे. भाताच्या खाचरात अगदी भातासारखेच दिसणारे गवत उगवते. “नीट बघून उपट” असे ओरडून पोराला काय कळणार? दोन्ही रोपे शेजारी धरून दाखवावीत. भाताच्या पानाच्या बुडाशी पातळ पापुद्रा असतो, त्या गवताला तो नसतो. एवढे कळले की डोळा आपोआप तयार होतो.

खो-खोमध्येही “नीट खेळ की!” याचा उपयोग नाही. “खो मिळायच्या आधीच उठलास” असे म्हटले की गडी पुढच्या वेळी सावध बसतो.

मात्र सारखे सांगत बसणेही बरे नाही. मग मूल स्वतः बघतच नाही, मोठ्यांच्या तोंडाकडे बघत राहते. भाकरी थापताना मुलीला आधी विचारावे, “तुला कुठे जाड वाटते?” तिने बोटाने चाचपून सांगावे, मग आईने बोलावे. आणि एका वेळी एकच चूक सांगावी. पाच सांगितल्या तर एकही लक्षात राहत नाही.

काही जण मुलाला एकदम ‘ढ’ म्हणतात. ढ म्हटल्यावर कुठे सुधारायचे ते कळत नाही, फक्त वाईट वाटते. मग ते पोर पाटीच पुढे करत नाही आणि मैदानावरही येत नाही. त्याचे शिकणे तिथेच थांबते.

म्हणून माझी सर्वांना हात जोडून विनंती आहे. आमची चूक जरूर दाखवा, पण नेमकी दाखवा आणि लगेच पुन्हा करून बघू द्या. मित्रांनो, आपणही एकमेकांना हसण्याऐवजी असेच सांगूया.



— इयत्ता ४ थीचा एक विद्यार्थी