जबाबदारी नको, फी चालेल

उल्हासनगरच्या कॅम्प तीनपासून बदलापूरच्या कात्रपपर्यंत फिरून या. क्लासेस आणि ब्यूटी पार्लरच्या मधल्या गाळ्यात ‘समुपदेशन केंद्र’ सापडेलच. करिअर, लग्न, डिप्रेशन, मुलांचा मोबाईल, शिवाय हस्ताक्षर सुधारणा, सगळं एकाच बोर्डावर. मी याच धंद्यातला, अंबरनाथला बसतो, म्हणून बोलतोय.

आमच्या लोकांचं लाडकं वाक्य आहे: क्लायंटच्या आयुष्याची जबाबदारी आपली नव्हे. वाक्य खोटं नाही. कुणाचा संसार आम्ही चालवू शकत नाही, नवऱ्याची दारू सुटेल अशी हमी देऊ शकत नाही, आणि प्रत्येकाचं दुःख उराशी घेऊन झोपणारा थेरपिस्ट लवकरच स्वतः गोळ्यांवर येतो. पण या वाक्याच्या आडोशाला काय चाललंय? बाईला रात्र-रात्र झोप नाही, कानात आवाज येतायत, आणि तिला पॉझिटिव्ह विचारांची वही लिहायला लावलीय. मानसोपचारतज्ज्ञाकडे चिठ्ठी द्यायची नाही, कारण दहा सेशनचं पॅकेज मोडतं. ती यायची थांबली की ‘क्लायंटच सहकार्य करत नव्हती’. साधा फोन करायचा नाही. हमी मागतंय कोण? त्या एका फोनचं बोला.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला निदान भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते. समुपदेशकांना सामावणारा कायदा २०२१ मध्ये आला, पण गाळ्यातल्या बोर्डाला नोंदणी क्रमांक विचारणारा माणूस मला अजून भेटायचाय.

गोपनीयतेचं तर सोवळंच करून ठेवलंय. कॅलिफोर्नियात १९६९ साली प्रोसेनजित पोद्दार या बंगाली विद्यार्थ्यानं तातियाना तारासॉफचा खून केला. बेत आधी मानसतज्ज्ञाला सांगितला होता. त्यानं विद्यापीठाच्या पोलिसांना कळवलं, पोलिसांनी चौकशी करून सोडून दिलं, आणि मुलीला कुणीच सावध केलं नाही. १९७६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं बजावलं की धोक्यातल्या माणसाला वाचवण्यासाठी पावलं उचलणं उपचारकाचं कर्तव्य आहे. आपल्याकडे मुलांपुरता इतका वळसाही नको. पोक्सो कायद्याचं कलम १९ सांगतं, मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली की पोलिसांना कळवायचंच. समुपदेशकाला त्यातून सूट नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात शाळेतल्या चार वर्षांच्या मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण उघड झालं, २० तारखेला लोक रुळांवर उतरले, आणि न कळवल्याबद्दल संस्थाचालकांवर व मुख्याध्यापिकेवर गुन्हा नोंदला गेला.

मग ‘गुड टच, बॅड टच’च्या व्याख्यानांना ऊत आला. हारतुरे, फोटो, स्टेटस. एका व्याख्यात्याला मी विचारलं, नंतर एखादं मूल येऊन काही बोललं तर? म्हणे, आधी पालकांशी बोलू. आणि हात घरातल्याच कुणाचा असला तर? महाशय मोबाईल बघू लागले.

तेव्हा पैसे मोजण्याआधी समोरच्याला विचारा: नोंदणी कसली? तुमच्या आवाक्याबाहेरचं असलं तर मला कुठे पाठवाल? ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासून उभं आहे, बदलापूरहून थेट लोकल जाते. टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो. ज्याला ही दोन नावंसुद्धा सांगता येत नाहीत, त्याच्याकडून पॅकेजचे पैसे परत घ्या. पावती तो देणार नाहीच, तेव्हा जीपेचा स्क्रीनशॉट जपून ठेवा.