जोडलेले हात आणि सोयीचा बोध

आल्ब्रेश्ट ड्यूररच्या ‘प्रार्थनारत हात’ या रेखाचित्राची एक कथा बोधकथासंग्रहांतून आणि व्याख्यानांतून सतत फिरत असते. गरीब घरातले दोघे भाऊ. नाणेफेक करून एक अकादमीत कला शिकायला जातो, दुसरा त्याच्या खर्चासाठी खाणीत राबतो आणि कुंचला धरण्याजोगी बोटे गमावतो. पुढे यशस्वी भाऊ कृतज्ञतेने ते हात चितारतो. कथा खोटी आहे असे दाखवून दिले, की ठरलेले उत्तर येते : ‘असेना, बोध तर खरा आहे ना?’ आमचा आक्षेप नेमका या बोधालाच आहे.

वस्तुस्थिती अशी, की ड्यूरर १४८६ साली न्यूरेंबर्गमधल्याच मिखाएल वोल्गेमुटच्या चित्रशाळेत उमेदवारीला राहिला. त्या शहरातली कलाअकादमी १६६२ सालची. निळा रंग दिलेल्या कागदावर कुंचल्याने केलेले हे रेखाटन १५०८ चे असून आज ते व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात आहे. फ्रांकफुर्टचा व्यापारी याकोब हेलर याने तिथल्या डोमिनिकन चर्चसाठी करवून घेतलेल्या वेदीचित्रात, मरियेच्या रिकाम्या कबरीपाशी जमलेल्या प्रेषितांपैकी एकाचे म्हणून हे हात येतात. ते नीट पाहावेत : सडपातळ, सरळ बोटे, खाणीने मोडल्याची एकही खूण नाही. कथा सांगणाऱ्यांनी चित्र पाहण्याचीही तसदी घेतलेली नाही.

हेलरला लिहिलेल्या पत्रांत ड्यूरर मोबदल्यावरून वाद घालतो. १३० गुल्डेनला ठरलेल्या कामाचे अखेर २०० मिळवतो. महागड्या निळ्या रंगाचा आणि खर्ची पडलेल्या दिवसांचा हिशेब मांडतो. नीट जपल्यास चित्र पाचशे वर्षे टिकेल, अशी ग्वाही देतो. (१५०९ साली पूर्ण झालेला तो मधला फलक १७२९ मध्ये म्युनिकच्या राजवाड्यातील आगीत जळाला, उरली ती त्याची एक प्रत आणि रेखाटने.)

कलेमागचे श्रम पाहायचे असतील तर ते या पत्रांत आहेत, दाम मागणारे श्रम. बोधकथेला हा दाम अडचणीचा वाटतो. तिला हवा असतो मुकाट झिजणारा भाऊ, ज्याची भरपाई एका चित्राने होते. एकाचे आयुष्य मोडले तरी कलाकृती सुंदर झाली की हिशेब मिटला, हा बोध खरा नाही आणि निरागसही नाही. साहित्याच्या वर्गात लेखकाच्या घरच्यांनी सोसलेल्या हालांना ‘त्याग’ म्हणून ओवाळताना आपण तोच गिरवत असतो.

विद्यार्थ्यांना हे रेखाचित्र जरूर दाखवावे. सोबत कथा नको, पत्रे द्यावीत.