शेवटचे पान

नोव्हेंबरमधल्या एका शुक्रवारी सकाळी आमच्या घरी अमेरिकेहून शुभेच्छा आल्या. माझी आतेबहीण तिकडे असते. तिकडच्या गुरुवारी रात्री तिने मोबाईलवर लिहिले होते, ‘हॅपी थँक्सगिव्हिंग! आज तुम्हा सगळ्यांची फार आठवण झाली.’ खाली एक फोटो. मोठे टेबल, त्याभोवती दहा-बारा माणसे, आणि टेबलावर इतकी भांडी की ताट ठेवायला जागा नाही. तिचे घर शाकाहारी, त्यामुळे तिकडच्या रिवाजातली भाजलेली टर्की तेवढी नव्हती. तिच्या जागी मटारपुलाव आणि भरली वांगी. शिवाय कुस्करलेले बटाटे, क्रॅनबेरी नावाच्या आंबट फळाचा मुरांबा आणि शेवटी गोड म्हणून ‘पम्पकिन पाय’. हे नाव ऐकताच आजी म्हणाली, ‘‘भोपळ्याला पाय कधी फुटले गं?’’ घरात हशा पिकला.

बहिणीने पुढे त्यांची एक पद्धतही लिहिली होती. जेवायला सुरुवात करण्याआधी टेबलाभोवतीच्या प्रत्येकाने एकेक गोष्ट सांगायची. वर्षभरात कशाबद्दल कृतज्ञता वाटली ती. हे ऐकून बाबा म्हणाले, ‘‘आपल्याला असले खास दिवस लागत नाहीत. आपण रोजच कृतज्ञ असतो.’’ आम्ही सर्वांनी माना डोलावल्या. खरे सांगते, मीही डोलावली.

आई तेवढ्यात हात पुसत बाहेर आली. तिने फोटो जवळ घेऊन पाहिला आणि एवढेच म्हणाली, ‘‘ही बसलीय की गं सगळ्यांच्यात. मग वाढतंय कोण?’’

कुणीच उत्तर दिले नाही. मग चहा आला. तो आईनेच आणला.

त्या प्रश्नाने माझी पाठ सोडली नाही. म्हणून मी आधी या थँक्सगिव्हिंगची कुळकथा वाचून काढली. तिकडे ही कथा साधारण अशी सांगतात : १६२० साली ‘मेफ्लॉवर’ जहाजातून १०२ इंग्रज प्रवासी अमेरिकेच्या किनाऱ्यावर आले आणि प्लिमथ येथे त्यांनी वसाहत केली. पहिल्याच हिवाळ्यात त्यातले जवळजवळ निम्मे दगावले. १६२१ च्या शरदात मक्याचे पीक हाती आले, तेव्हा उरलेल्यांनी मेजवानी केली. तिथले मूळ रहिवासी वॉम्पनोग. त्यांचा प्रमुख मॅसासॉइट सुमारे नव्वद माणसे घेऊन आला. ते रिकाम्या हाताने आले नव्हते; त्यांनी पाच हरणे मारून आणली. तीन दिवस जेवणावळ चालली.

ही हकीकत एडवर्ड विन्स्लो या वसाहतीतल्या गृहस्थांनी त्याच वर्षी डिसेंबरात लिहिलेल्या पत्रामुळे आपल्याला ठाऊक आहे. पक्षी मारायला किती माणसे गेली, हरणे किती आली, हे सारे त्यात आहे. स्वयंपाक कुणी केला, ते मात्र नाही! आणि त्या हिवाळ्यातून वाचलेल्या प्रौढ स्त्रिया वसाहतीत होत्या फक्त चार. सोबतीला काही मुली. पन्नासएक इंग्रज आणि नव्वद पाहुणे, असे तीन दिवस. वाचकहो, हिशेब तुम्हीच करा.

दुसराही एक माणूस या कथेत मला भेटला. टिस्क्वांटम त्याचे नाव. खड्ड्यात मासा घालून मका कसा पेरावा, हे या परक्यांना त्याने शिकवले. १६१४ साली एका इंग्रज कप्तानाने त्याला पळवून स्पेनला विकायला नेले होते. तो १६१९ साली कसाबसा परत आला, तेव्हा त्याचे पॅटक्सेट गाव साथीच्या रोगाने ओस पडले होते. प्लिमथ वसले ते त्याच गावाच्या जागेवर. म्हणजे ज्याच्या विद्येवर पीक आले, त्याच्याच गावच्या मातीत मेजवानी झाली. पुढे १६७५-७६ च्या युद्धात मॅसासॉइटचा मुलगा मेटाकॉम मारला गेला आणि त्याचे शिर प्लिमथमध्येच खांबावर लावण्यात आले. बापाला पंगतीला बसवले, त्याच गावात!

या सणाला देशभर एक दिवस ठरला तो फार नंतर. सारा जोसेफा हेल या संपादक बाईंनी अनेक वर्षे पाठपुरावा केला. लिंकन यांनी १८६३ साली, यादवी युद्ध चालू असताना, तशी घोषणा केली. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार कायद्याने पक्का झाला १९४१ साली. १९७० पासून मात्र मूळ रहिवासी त्याच दिवशी प्लिमथमध्ये एकत्र जमून शोकदिन पाळतात. त्यांचे म्हणणे समजायला अवघड नाही. ज्यांचे आभार मानायचे, तेच पंगतीत नाहीत.

आता यावर ‘बघा, हे पाश्चात्त्य लोक!’ असे म्हणून हात झटकता येतील. आपल्याकडच्या अनेक लेखांचा शेवट असाच होतो. पण मला तसे करता येत नाही, कारण आईचा प्रश्न अजून तिथेच उभा आहे.

आपण जेवून उठताना ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणतो. सुंदर वचन आहे. पण हा अन्नदाता कोण? धान्य पिकवणारा शेतकरी म्हणावा, तर तो ऐकायला नसतो. घरचा मिळवता माणूस म्हणावा, तर तोच हे वचन म्हणत असतो. आणि चुलीशी उभी असलेली बाई? ती अजून जेवलेलीच नसते. भोगीच्या दिवशी आमच्याकडे बाजरीची भाकरी, वर तीळ लावलेले, घेवडा-वांगी-गाजर-हरभऱ्याची लेकुरवाळी भाजी आणि लोण्याचा गोळा असतो. तव्यावरची भाकरी थेट ताटात पडते. बाबा, भाऊ, आजी, मी, आलेगेले पाहुणे, सर्वांची पोटे भरतात. मग तवा उतरतो आणि आईचे पान मांडले जाते. तोवर लोणी संपलेले असते आणि भाजी तळाला गेलेली असते. आम्हाला ते दिसते, पण वाटत काहीच नाही.

मी एकदा भीतभीत ‘आई, थँक्यू’ म्हणून पाहिले. ती हसली. ‘‘मी काय परकी आहे होय आभार मानायला?’’ तिचे बरोबरच होते. घरात आभाराचे शब्द आपल्याला खोटे वाटतात, दुरावा वाटतात. मग उपाय काय?

तो मला अनपेक्षित ठिकाणी सापडला. माझी एक वर्गमैत्रीण बैलहोंगल तालुक्यातली. या नियतकालिकाच्या कन्नड विभागात ती लिहिते, मराठी विभागात मी. एकमेकींचे लेख आम्हाला वाचून दाखवावे लागतात. सीमेच्या प्रश्नावर आम्ही दोघी बोलत नाही. जेवणावर मात्र पुष्कळ बोलतो. मार्गशीर्ष अमावस्येला तिने मला शेतावर बोलावले. कन्नडमध्ये हिला ‘एळ्ळ अमावास्ये’ म्हणतात, लातूर-धाराशिवकडे ‘वेळ अमावस्या’.

काळीभोर जमीन, कमरेच्या वर आलेला शाळू, मध्ये हरभरा. भूमातेची पूजा झाली आणि नैवेद्य दाखवला. मग मैत्रिणीचे आजोबा बुट्टीतले अन्न थोडे थोडे शेतभर टाकत निघाले, मागून एकजण पाणी शिंपडत होता. याला ‘चरग’ म्हणतात. जिने पिकवले, तिला आधी; पाखरांना, मुंग्यांना आधी; मग माणसांना. शब्दाने आभार कुणीच मानले नाहीत. पण कुणाचे देणे आहे, हे लहान पोरालाही दिसत होते.

त्यानंतर पंगत बसली, आणि मी चकित झाले. मैत्रिणीची आई, काकू, शेतात राबणाऱ्या बाया आणि गडी, सगळे एकाच वेळी बांधावर बसले! बुट्टी हातोहात फिरत होती. तिळाची सज्जी रोट्टी, कडक जोळद रोट्टी, एण्णेगायी म्हणजे भरली वांगी, पुंडी पल्ल्या म्हणजे आपली अंबाडीची भाजी, शेंगाचटणी, शेंगाहोळगी आणि दहीभात. मी मैत्रिणीला विचारले, ‘‘तुमच्याकडे बायका नेहमीच बरोबर जेवतात?’’ ती म्हणाली, ‘‘छे! घरी नाही. इथे चूलच नाही ना.’’

केवढे साधे उत्तर! पहाटे तीनला उठून त्या बायकांनी सारे रांधले होते, त्यांच्या कष्टात काही सूट नव्हती. पण जेवणात गरम वाढायचे असे काही नव्हते, म्हणून उभे राहायचे कारण उरले नव्हते. आणि मग मला बहिणीचा तो फोटो आठवला. तिथेही सगळी भांडी एकदम टेबलावर मांडलेली होती. एकाने दुसऱ्याकडे वाडगा सरकवायचा. आईच्या प्रश्नाचे उत्तर हेच होते : वाढत कुणीच नाही, म्हणून ती बसली आहे.

तेव्हा माझे मत असे झाले आहे. घरच्या अन्नदात्रीबद्दलची कृतज्ञता आपल्या मनात नाही असे नाही. ती आपल्या जेवणाच्या पद्धतीत नाही. तव्यावरची गरम भाकरी खाण्याचा हट्ट आणि आईने सोबत जेवावे ही इच्छा, या दोन्ही गोष्टी एका वेळी होत नाहीत. त्यातली एक आपण कधीच निवडलेली असते. आणि ‘तिलाच शेवटी जेवायला आवडते’ असे म्हणून ती निवड तिच्या नावावर खपवतो.

यंदाच्या भोगीला मी घरात प्रस्ताव मांडला : भाकऱ्या आधी करून बुट्टीत फडक्यात गुंडाळून ठेवायच्या आणि सर्वांनी एकदम बसायचे. सर्वांत जास्त विरोध कुणी केला असेल? आईने! ‘‘सणासुदीला गार भाकरी वाढून मला घास उतरायचा नाही.’’ भाऊ म्हणाला, बाजरीची भाकरी गार झाली की चामड्यासारखी होते. तेही खोटे नव्हते. पण मी हटून बसले. आईने भाकऱ्या थापल्या, मी भाजल्या, दोन करपवल्या.

पंगत बसली. आई पाटाच्या कडेला, आता उठू की मग उठू अशी बसली होती. बाबांनी सवयीने म्हटले, ‘‘लोणी कुठाय?’’ आई उठायला लागली. तोच आजीने तिचा पदर धरला. ‘‘बस तू. त्याला सापडतंय का बघू या.’’ बाबा उठले. फ्रीजमध्ये बराच वेळ खुडबुड झाली. लोणी पुढेच होते! ते येईपर्यंत आजी आपल्या ताटाकडे बघत हळूच म्हणाली, ‘‘मला नाही कधी कुणी बसवलं.’’ त्यावर कुणाला काही बोलता आले नाही.

भाकरी गार होती, चिवट होती. भावाने दोनदा तसे बोलूनही दाखवले. आईने पहिला घास घेतला आणि म्हणाली, ‘‘अगोबाई, भाजीत मीठ कमी पडलंय. कुणी सांगितलं नाही ते?’’ एरवी हे तिला सगळे उठून गेल्यावर कळते.

मित्रमैत्रिणींनो, सणाच्या शुभेच्छा जरूर पाठवा; थँक्सगिव्हिंगच्या आल्या तर त्याही आनंदाने घ्या. आभारासाठी एक दिवस राखून ठेवणाऱ्यांना हसण्याचा अधिकार मात्र आपण अजून मिळवलेला नाही. पुढच्या सणाला आपल्या घरातले शेवटचे पान कुणाचे आहे, ते एकदा पाहा. ते पान आपल्या पानाशेजारी मांडा. भाकरी गार होईल. होऊ दे.