‘किडनी कमजोर आहे’ म्हणजे कोणती किडनी?

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. भातलावणी आटोपल्यावर आमच्या लवळ्याच्या शिवारातले एक गृहस्थ दवाखान्यात आले. वय सेहेचाळीस. आठवडाभर चिखलात वाकून लावणी केल्यामुळे कंबर धरलेली. कंबरेसाठी ते पुण्यात एका चिनी सुईवाल्याकडे, म्हणजे अॅक्युपंक्चर करणाऱ्याकडे, चार-पाच खेपा घालून आले होते. माझ्याकडे आले ते मात्र घाबरून. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, ते म्हणतात तुमची किडनी कमजोर हाय. आता किडनी बदलावी लागंल का?"

मी हसलो, तेही मोठ्याने. "अहो दादा, ती चिनी किडनी. तुमची ठणठणीत आहे," असे सांगून कंबरदुखीच्या गोळ्या लिहून दिल्या आणि पुढच्या पेशंटला आत बोलावले. बाहेर बाकावर पंधरा-वीस माणसे बसलेली होती. पावसाळ्यात आमच्याकडे ताप, जुलाब, चिखल्या यांची रीघ लागते.

त्या हसण्याबद्दल आज लिहायचे आहे.

"चिनी किडनी" हे मी थट्टेने म्हणालो. पण वाचकहो, त्या बोलण्यात तथ्य होते. चिनी वैद्यकात आतल्या रोगांच्या शास्त्राला ‘नेइके’ म्हणतात. आयुर्वेदात त्याच विषयाला कायचिकित्सा म्हणतात आणि आम्ही एम.बी.बी.एस.ला ‘मेडिसिन’ म्हणून शिकतो तेही तेच. या चिनी शास्त्राचा पाया ‘हुआंगदी नेइजिंग’ नावाच्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथात आहे. सम्राट प्रश्न विचारतो आणि वैद्य उत्तरे देतो, अशी त्याची रचना. आपल्याकडे आत्रेय सांगतात आणि अग्निवेश ऐकतो, तशातलाच प्रकार. शरीरात ‘ची’ नावाची शक्ती वाहते; थंड-शांत ते ‘यिन’, उष्ण-चंचल ते ‘यांग’; या दोहोंचा तोल गेला की रोग. आपल्या पंचमहाभूतांसारखी त्यांचीही पाच तत्त्वे आहेत, पण त्यांत आकाश आणि वायू नाहीत. लाकूड आणि धातू आहेत. प्रत्येक तत्त्वाला एक अवयव जोडलेला. पाण्याला मूत्रपिंड जोडलेले आहे.

घोटाळा इथे सुरू होतो. ज्या चिनी शब्दाचे युरोपियनांनी ‘किडनी’ असे भाषांतर केले, त्या शब्दात आमच्या शरीरशास्त्रातले कंबरेमागचे दोन घेवड्याच्या दाण्यांसारखे अवयव तर येतातच, पण बाकीचा संसारही येतो. हाडे, वाढ, केस, कान, जननशक्ती, म्हातारपण, सगळे त्याच्याकडे. कंबर म्हणजे मूत्रपिंडाचे घर, असे ते मानतात. म्हणून कंबर दुखते, गुडघे गार पडतात, केस गळतात, ऐकू कमी येते, अशी तक्रार केली तर चिनी वैद्य प्रामाणिकपणे ‘किडनी कमजोर’ म्हणतो. त्याच्या दृष्टीने तो अवयव म्हणजे कामांचा एक गट आहे. तेच तीन शब्द मराठीत आपल्या कानावर पडतात तेव्हा डोळ्यांपुढे डायलिसिसचे मशीन उभे राहते. त्यांच्या यादीत तर ‘सान जिआओ’ नावाचा एक अवयव आहे, जो कुठलेही शरीर उघडले तरी सापडायचा नाही.

तेव्हा सुईवाल्याचे बोलणे ऐकून घाबरू नका, हा माझा सल्ला तत्त्वतः बरोबर होता. पेशंटच्या बाबतीत मात्र तो पूर्ण चुकला.

संक्रांतीच्या सुमारास तेच गृहस्थ पुन्हा आले, या वेळी पत्नीबरोबर. पायांवर सूज, चेहरा पिवळट, दोन पावले चालले की धाप. रक्तदाब १८० वर ११०. रक्त तपासले तर क्रिएटिनिन ४.८ आणि हिमोग्लोबिन ८. ज्यांना आकड्यांची सवय नाही त्यांच्यासाठी सांगतो: निरोगी माणसाचे क्रिएटिनिन एकच्या आसपास असते. दोन्ही मूत्रपिंडे बरीचशी निकामी झालेली होती. आणि मधल्या काळात त्यांनी काय घेतले होते? मी लिहून दिलेल्या कंबरदुखीच्या गोळ्या. गुण येतो म्हणून तीच चिठ्ठी दाखवून दुकानातून पुन्हा पुन्हा आणलेल्या. आधीच थकलेल्या मूत्रपिंडाला या वेदनाशामक गोळ्या मारक ठरतात, हे विद्यार्थीदशेत पाठ केलेले वाक्य आहे.

त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "सकाळी तोंड सुजायचं, रातीला तीन-तीनदा उठायचे. त्या सुईवाल्यांनी इचारलं तवा समदं सांगितलं हुतं."

मी जुना केसपेपर काढून पाहिला. रक्तदाब त्या दिवशीही थोडा जास्तच होता. कामाची दगदग असेल म्हणून मी पुढे काही लिहिले नव्हते. सूज, लघवी, फेस यांबद्दल एक अक्षर नव्हते. कारण मी विचारलेच नव्हते.

त्या सुईवाल्याने काय केले असेल, याची मग मी चौकशी केली. पहिल्या खेपेला त्याने अर्धा तास घेतला होता. चेहरा उजेडात पाहिला, जीभ पाहिली, झोप, तहान, घाम, लघवी-संडास सगळे विचारले, दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटे ठेवून नाडी पाहिली. चिनी वैद्यकात निदानाच्या या चार पायऱ्या आहेत: पाहणे, ऐकणे-हुंगणे, विचारणे आणि स्पर्श करणे. ऐकणे आणि हुंगणे यांना त्यांच्याकडे एकच शब्द आहे, याची मला गंमत वाटते. मग या माहितीवरून रोग वरचा की आतला, थंड की उष्ण, उणिवेचा की अतिरेकाचा, असे वर्गीकरण करायचे. रात्री वारंवार लघवी, अंगावर सूज, गार पाय आणि कंबरदुखी एकत्र आली की त्यांच्या हिशेबात ‘किडनीचे यांग उणे’. पाण्याचा कारभार त्यांच्याही शास्त्रात मूत्रपिंडाकडेच आहे, हे मी विसरलो होतो.

नाडीवरून त्याला मूत्रपिंडाचा आजार कळला, यावर माझा विश्वास नाही. मनगटावर अमुक जागी किडनी उमटते याला पुरावा नाही. (आपल्याकडे नाडीपरीक्षेला वेदकाळाइतकी जुनी समजणारे पुष्कळ आहेत; पण चरक-सुश्रुतांत ती सविस्तर नाही, ती येते मध्ययुगातल्या शार्ङ्गधर संहितेत.) पण त्याने विचारले आणि पाहिले. त्याच्या चुकीच्या नकाशावर खरे गाव सापडले. माझ्याजवळ बरोबर नकाशा असून मी तो उघडलाच नाही.

मात्र त्याची बाजू इथेच संपते. किडनीचा संशय येऊनही त्याने रक्त तपासायला सांगितले नाही, सुया चालू ठेवल्या आणि ‘किडनीला ताकद’ म्हणून एक चूर्ण दिले. पुडीवर नाव नव्हते. त्यात काय होते ते आजही मला ठाऊक नाही. चीनमध्ये १९५६ पासून पारंपरिक वैद्यकाची सरकारी महाविद्यालये निघाली. तिथल्या पारंपरिक रुग्णालयांतही आज रक्त-लघवी तपासतात, एक्स-रे काढतात. तिथल्या वैद्याने जीभ पाहून झाल्यावर या माणसाला प्रयोगशाळेत धाडले असते. आपल्याकडे परदेशी विद्या येते तेव्हा तिची अर्धीच वाट येते.

त्या गृहस्थांना सुयांवर एवढा भरवसा का, तर म्हणे ती कोटणीस डॉक्टरांनी आणलेली विद्या. असा समज बऱ्याच जणांचा आहे, म्हणून थोडे विषयांतर करतो. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले ते आधुनिक वैद्यक घेऊन, जपानी आक्रमणात जखमी झालेल्यांवर शस्त्रक्रिया करायला. पाच भारतीय डॉक्टरांचे ते पथक होते, नागपूरचे डॉ. चोळकर त्यांतलेच. कोटणीस परत आलेच नाहीत, ९ डिसेंबर १९४२ रोजी तिकडेच वारले. सुयांची विद्या आणली ती त्याच पथकातले कलकत्त्याचे डॉ. बसू यांनी, १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन शिकून. आज महाराष्ट्रात अॅक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आणि परिषद आहे. केंद्र सरकारनेही २०१९ साली तिला उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. जुनाट कंबरदुखी, गुडघेदुखीत काहींना तिने आराम पडतो. खऱ्या सुया आणि खोट्या सुया यांची तुलना करणाऱ्या प्रयोगांत फरक थोडाच निघतो, पण नोंदणी असलेला माणूस निर्जंतुक सुया वापरत असेल तर मी पेशंटला अडवत नाही. ही मान्यता सुयांपुरती आहे. चिनी चूर्णे देऊन आतले रोग बरे करण्याची पद्धत आपल्या आयुष खात्याच्या यादीत नाही. तिथे आयुर्वेद, योग, निसर्गोपचार, युनानी, सिद्ध, सोवा-रिग्पा आणि होमिओपॅथी आहेत, ‘नेइके’ नाही.

चूर्णाबद्दल मी इतका चिडून का लिहितो, त्याला कारण आहे. १९९० च्या सुमारास बेल्जियममध्ये ब्रुसेल्सच्या एका वजन घटवण्याच्या क्लिनिकमध्ये स्त्रियांना चिनी वनस्पतींच्या कॅप्सूल दिल्या गेल्या. धडधाकट बायकांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. १९९३ साली तिथल्या डॉक्टरांनी हे उघडकीस आणले. पुढे आकडा शंभराच्या आसपास गेला, कित्येकींना डायलिसिसवर जावे लागले, काहींना नंतर मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. कारण काय, तर ‘फांगजी’ या एकाच नावाने चीनमध्ये दोन निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात आणि हवी होती तिच्याऐवजी दुसरी आली. ती दुसरी आपल्याकडच्या ईश्वरीच्या कुळातली. त्या कुळातले आम्ल मूत्रपिंडाचा घात करते. म्हणजे इथेही नावाचाच घोटाळा! आमच्या मुळशीच्या डोंगरातून मुळ्या आणून देणाऱ्यांनी आणि त्या उगाळून पिणाऱ्यांनी ही हकिगत ध्यानात ठेवावी.

दुसरी हकिगतही सांगायला हवी, नाहीतर मी अन्याय केल्यासारखे होईल. चौथ्या शतकातल्या एका चिनी वैद्याने तापावर छिंगहाव नावाची वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून तिचा रस द्यायला सांगितले होते. १९७१ साली तू योयो या संशोधक बाईंच्या लक्षात आले की यात उकळणे कुठेच नाही. इतरांचे काढे फसत होते ते उष्णतेने. त्यांनी ईथर वापरून कमी तपमानात अर्क काढला, आधी मलेरिया झालेल्या उंदरांवर पाहिला, मग धोका नाही ना हे बघायला स्वतः घेतला, आणि मग रोग्यांना दिला. २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज तीव्र मलेरियात आम्ही जे आर्टेसुनेटचे इंजेक्शन देतो ते याच घराण्यातले. पण त्यात ‘ची’ आणि यिन-यांगचा भाग किती, हे वाचकांनीच ठरवावे. जुन्या वैद्याने डोळे उघडे ठेवून पाहिलेले कामी आले आणि बाईंनी ते तपासून घेतले.

माझे मत असे की, चिनी कायचिकित्सेच्या पायात दोन थर आहेत. एक आहे रोग्याकडे निवांत बघण्याचा, तो आम्ही एम.बी.बी.एस.वाल्यांनी त्यांच्याकडून नव्हे तर आमच्याच पुस्तकांतून पुन्हा शिकावा. आम्हालाही पहिल्या वर्गात हेच शिकवले होते: बघा, हात लावा, ठोकून पाहा, कान लावा. दुसरा थर आहे तत्त्वांच्या आणि अवयवांच्या जोड्या लावण्याचा. तो चिनी लोकांनी खुशाल जपावा, पण त्यावर विसंबून कोणी क्रिएटिनिन टाळू नये.

तुम्हाला कोणीही, कुठल्याही पॅथीच्या माणसाने ‘किडनी कमजोर’ म्हटले तर माझ्यासारखे हसू नका आणि त्या गृहस्थांसारखे चूर्णही घेऊ नका. लघवीतले अल्ब्युमिन आणि रक्तातले क्रिएटिनिन तपासून घ्या, रक्तदाब मोजा. या तपासण्या एका दिवसाच्या मजुरीपेक्षा कमी पैशांत होतात, आणि आता लवळ्याच्या टेकडीवरच रुग्णालय असल्याने पुण्याला जाण्याची सबबही उरलेली नाही. कंबरदुखी बहुतेक वेळा मूत्रपिंडाची नसते. मूत्रपिंडाचा आजार बहुधा दुखत नाहीच, तो गुपचूप येतो. सकाळी डोळ्यांभोवती सूज, लघवीला फेस, रात्री वरचेवर उठणे, अन्न नको वाटणे यांकडे लक्ष ठेवा. ज्यांना मधुमेह किंवा रक्तदाब आहे त्यांनी काही होत नसले तरी वर्षातून एकदा तपासावे. आणि डॉक्टरने विचारले नाही तर आपण होऊन सांगा. बाहेर कितीही गर्दी असली तरी सांगा.

ते गृहस्थ आता आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातात. शेत भाऊ बघतो. मी त्यांच्याकडे जाऊन माझी चूक सांगितली तेव्हा ते म्हणाले, "तुमी काय देव हाय का डॉक्टर?" त्यांच्या पत्नी काही बोलल्या नाहीत, चहा ठेवायला आत गेल्या.

माझ्या केसपेपरवर आता एक ओळ छापून घेतली आहे: रात्री लघवीला किती वेळा उठता? मागच्या महिन्यात त्यांच्या त्या धाकट्या भावाला निरोप पाठवून बोलावून घेतले. वय एकोणचाळीस, तक्रार काही नाही. रक्तदाब १५० वर ९६, लघवीत अल्ब्युमिन, क्रिएटिनिन १.३. रक्तदाबाची गोळी सुरू केली आहे, वेदनाशामक गोळ्या बंद. पुढची तपासणी दिवाळीनंतर.