कागद चमक देत नाही

मागील अंकात आपण कानशीची ओळख करून घेतली. कानशीनंतर पाटावर येतो तो पॉलिश पेपर. आपल्या वाडवडिलांच्या भाषेत काचकागद. अलीकडे हा कागद हाताने घासण्याऐवजी फिरत्या यंत्राला जोडून वापरण्याची रीत घरोघरी पोहोचली आहे. मुले-सुना दागिने घडविण्याचा छंद म्हणून किंवा लहानसा व्यवसाय म्हणून हाती घेतात, एक छोटे यंत्र विकत आणतात आणि पेटीसोबत आलेली कागदी नळकांडी, चकत्या त्याला लावून कामाला बसतात. या साधनाची सोय मोठी आहे, यात शंका नाही. परंतु त्याच्याविषयी लिहिण्याआधी स्वतःच्या हातून घडलेली एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते.

आमच्या सासूबाईंच्या हातात सोन्याच्या दोन पाटल्या असत. त्यांच्या लग्नात माहेरून आलेल्या. प्रत्येक पाटलीच्या आतील बाजूस त्यांच्या वडिलांच्या नावाची आद्याक्षरे आणि लग्नाचे साल सोनाराने बारीक छिन्नीने कोरले होते. इतक्या वर्षांच्या वापराने पाटल्यांवर ओरखडे पडले होते, कडा बोचू लागल्या होत्या. मी तेव्हा नुकतीच यंत्रावर काम शिकले होते. मोठ्या उत्साहाने म्हणाले, “द्या, मी पाच मिनिटांत गुळगुळीत करून देते.” रबरी नळकांड्यावर 240 क्रमांकाचे कागदी वेष्टन चढविले आणि यंत्र पूर्ण वेगात सुरू केले. पाच मिनिटेसुद्धा लागली नाहीत. पाटली आतून-बाहेरून एकसारखी झाली. ती भिंगाखाली धरली तेव्हा कळले, की अक्षरे गेली होती. सालातील शेवटच्या आकड्याची एक पुसट रेघ तेवढी उरली होती.

तराजूवर पाटली 170 मिलिग्रॅमने कमी भरली. सासूबाईंनी वजन विचारलेच नाही. पाटली हातात घेऊन त्यांनी आतून अंगठा फिरविला आणि एवढेच म्हणाल्या, “इथं लागायचं बोटाला.”

पुढे काही दिवसांनी चांदीच्या कामानिमित्त हुपरीला जाणे झाले. तेथील एका वृद्ध कारागिरांना मी हा प्रकार सांगितला. त्यांनी मला दोष दिला नाही. हातातले पैंजण खाली ठेवून म्हणाले, “वहिनी, कागद चमक देत नाही. कागद धातू घेतो. किती घ्यायचा ते आधी ठरवायचं, मग मोटर चालू करायची.” या लेखात सांगण्यासारखे जे आहे ते सारे त्या एका वाक्यात आले आहे. पुढील मजकूर त्याचा खुलासा समजावा.

प्रथम कागदाकडे पाहू. नावात काच असली आणि इंग्रजी नावात वाळू असली, तरी आजच्या कागदावर यांपैकी काहीही नसते. त्यावर बहुधा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड किंवा सिलिकॉन कार्बाइड यांचे कण चिकटविलेले असतात. सिलिकॉन कार्बाइड हा पदार्थ अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसन यांनी 1891 साली कृत्रिम हिरा बनविण्याच्या खटपटीत असताना तयार केला. काठिण्याच्या मोजपट्टीवर हिऱ्याचा अंक 10. या पदार्थाचा 9 ते 9.5, सोन्या-चांदीचा मात्र अवघा अडीच ते तीन. म्हणजे कागद आणि दागिना यांची गाठ कधीच बरोबरीची नसते. कागदावरील प्रत्येक कण ही एक सूक्ष्म छिन्नी आहे आणि ती धातूचा बारीक छिलका काढतच पुढे सरकते.

कागदाच्या पाठीवरील क्रमांक या कणांचा आकार सांगतो. क्रमांक जितका मोठा तितका कण लहान. पी 240 कागदाचा कण सरासरी 58 मायक्रॉनचा, पी 400 चा 35, पी 600 चा 26, पी 1200 चा 15 आणि पी 2000 चा 10 मायक्रॉनचा असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. येथे खरेदी करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. क्रमांकाआधी ‘पी’ हे अक्षर असेल तर तो युरोपीय मापाचा कागद. नसेल तर तो अमेरिकी मापाचा असू शकतो. अमेरिकी 600 हा जवळपास पी 1200 इतका बारीक असतो. दोन्ही प्रकारचे कागद एकाच डब्यात मिसळले, की क्रम बिघडतो आणि ओरखडे का जात नाहीत हे कळेनासे होते.

आता यंत्राचा विचार करू. हाताने कागद घासताना बोटाला दाब कळतो, धातू किती गेला याचा अंदाज येतो. यंत्र हा अंदाज हिरावून घेते. 13 मिलिमीटर व्यासाचे नळकांडे मिनिटाला 20,000 फेरे घेत असेल, तर त्याचा पृष्ठभाग ताशी सुमारे 49 किलोमीटर वेगाने दागिन्यावरून धावतो. फेरे 5,000 वर आणले तर हाच वेग ताशी 12 किलोमीटरवर येतो. दागिन्याचे बहुतेक काम या मंद वेगातच उत्तम होते. अधिक वेगाने काम लवकर होत नाही; धातू तापतो, कागदाचे कण बोथट होतात, नळकांडे एका जागी खड्डा पाडते आणि तो खड्डा भरून येत नाही.

व्यापारी घरांत हिशेबाची भाषा लवकर समजते, म्हणून एक हिशेब मांडते. बाहेरील व्यास 20 मिलिमीटर आणि रुंदी 5 मिलिमीटर अशी 22 कॅरटची एक साधी वळ्यासारखी अंगठी घ्या. तिच्या बाहेरील पृष्ठभागाचे क्षेत्रफळ सुमारे 314 चौरस मिलिमीटर होते. त्यावरून फक्त 0.05 मिलिमीटर, म्हणजे बारीक केसाच्या जाडीइतका थर घासला गेला, तर सुमारे 0.28 ग्रॅम सोने जाते. पाव ग्रॅमहून अधिक, आणि तेही डोळ्यांना काहीच कमी झालेले न दिसता. दागिना ग्राहकाचा असेल तर ही घट त्याच्या नावावर पडते. ती मोजून त्याला सांगणे, आणि त्याहून आधी ती होऊ न देणे, हे पेढीच्या पतीशी निगडित आहे.

म्हणून पहिला नियम असा: काम होईल असा सर्वांत बारीक कागद प्रथम लावून पाहावा. साध्या ओरखड्यांसाठी पी 600 पासून सुरुवात करावी. न भागल्यास एक पायरी खाली यावे. पी 240 हा कानशीच्या खुणा किंवा रेणाचा फुगवटा काढण्यासाठी आहे. जुन्या दागिन्यावर त्याचे काम क्वचितच पडते. मी चुकले ते नेमके येथे.

दुसरा नियम पायऱ्या न गाळण्याचा. पी 400 नंतर पी 600, मग पी 800, पी 1200 असा क्रम ठेवावा. प्रत्येक वेळी घासण्याची दिशा आधीच्या दिशेला काटकोनात बदलावी. आधीच्या आडव्या रेघा पूर्ण जाऊन केवळ नव्या उभ्या रेघा दिसू लागल्या, की ती पायरी संपली. उतावीळपणे पी 400 वरून थेट बफावर गेल्यास दागिना दुकानाच्या दिव्यात लखलखतो. मात्र ग्राहक उन्हात गेला, की खोल रेघा त्या चकाकीतून वर दिसतात. बफ ओरखडा झाकतो, काढत नाही. काम खिडकीपाशी, तिरप्या उजेडात तपासावे.

तिसरा नियम योग्य जोडणी निवडण्याचा. रबरी नळकांडे अंगठीच्या किंवा कड्याच्या आतील गोलाईसाठी. त्याचा व्यास आतील व्यासाहून बराच लहान असावा आणि ते सतत सरकते ठेवावे. चपटी चकती सपाट भागासाठी. तिची कड रुतवू नये. सर्वांत गुणी आणि स्वस्त साधन म्हणजे मधोमध चिरलेली पोलादी दांडी. तिच्या फटीत साध्या पॉलिश पेपरची बोटभर लांबीची पट्टी अडकवून, कणांची बाजू बाहेर ठेवून गुंडाळावी. पट्टीचे मोकळे टोक फिरण्याच्या दिशेने मागे ओढले जाईल असे गुंडाळावे. उलटे गुंडाळले तर ते टोक दागिन्यात अडकते, पट्टी उलगडते आणि दागिना हातातून उडतो. आधी लाकडाच्या तुकड्यावर चालवून पाहावे. बाहेरचा वेढा झिजला, की तो फाडून टाकावा. आतला ताजा कागद वर येतो. ही गुंडाळी मऊ असल्याने गोलाईवर खड्डा पाडत नाही. शिकणाऱ्याने नळकांड्याआधी हिचाच हात बसवावा.

चौथा नियम, कोठे कागद लावूच नये याचा. 16 जून 2021 पासून आपल्या देशात सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क टप्प्याटप्प्याने अनिवार्य झाला आणि 1 एप्रिल 2023 पासून सहा अक्षर-अंकांच्या विशिष्ट ओळखक्रमांकाखेरीज विक्री करता येत नाही. हा क्रमांक लेसरने उमटविलेला, फारच उथळ असतो. अंगठी मोठी करताना आतून दोन वेळा कागद फिरविला, तरी तो पुसला जाऊ शकतो आणि दागिना पुन्हा हॉलमार्क केंद्राकडे न्यावा लागतो. मुलामा दिलेल्या वस्तूंवर कागद चालवू नये. मुलाम्याचा थर अनेकदा एखाद्या मायक्रॉनचा असतो आणि पी 2000 चा एक कणदेखील त्याहून जाड आहे. जडावाच्या कामात हिरा सोडल्यास कोणतेही रत्न या कागदापुढे सुरक्षित नाही. पाचू, पोवळे, मोती यांना तर उष्णताही सोसत नाही. साखळी हातात धरून फिरत्या यंत्राला कधीच लावू नये. ती दांडीभोवती गुंडाळली जाते आणि बोट सोबत ओढले जाते.

घरी काम करणाऱ्या भगिनींनी केस बांधावेत, पदर खोचावा, बांगड्या काढून ठेवाव्यात. चष्मा व मुखपट्टी अवश्य लावावी, कारण उडणारी बुकणी धातूची आणि कागदाच्या कणांचीही असते. हातमोजे मात्र घालू नयेत, ते अडकतात. दागिना तापला, की यंत्र थांबवून तो पाण्यात बुडवावा. फिरत्या विजेच्या यंत्रावर पाणी शिंपडू नये.

आपल्या घरांतून एक प्रश्न हमखास निघतो, म्हणून त्याचाही उल्लेख करते. जुन्या पद्धतीच्या कागदावरील कण प्राण्यांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या सरसाने चिकटविलेले असत आणि काही स्वस्त कागदांत तो आजही वापरला जातो. पाण्यात टिकणारा काळा कागद रेझिनने चिकटविलेला असतो. पॉलिशच्या वड्यांतही पुष्कळदा प्राण्यांची चरबी असते. ज्यांना हे वर्ज्य आहे त्यांनी पाण्यात टिकणारा कागद घ्यावा आणि वडीविषयी दुकानदाराकडे स्पष्ट विचारणा करावी.

शेवटी बुकणीविषयी. पाटाखाली कोरा कागद पसरावा, वापरलेल्या पट्ट्या टाकून न देता डब्यात ठेवाव्यात, सोने आणि चांदी यांचे डबे वेगळे असावेत. सोनाराच्या दुकानातील धूळ धुऊन धातू वेगळा काढणारे झारेकरी पूर्वी यावरच चरितार्थ चालवीत. वर्षाअखेरी हा डबा शुद्धीकरणाला दिला, की घटीचा मोठा भाग परत मिळतो.

माझ्याही डब्यातून सासूबाईंच्या पाटलीचे बरेचसे सोने परत मिळाले. ते मी त्यांच्यापुढे ठेवले आणि अक्षरे पुन्हा कोरून घेऊ या, असे सुचविले. त्या म्हणाल्या, “नको. आता कोरलेलं नवीन असेल.” दुसऱ्या पाटलीला मी हात लावलेला नाही. ती ओरखड्यांसकट त्यांच्या हातात आहे. गेल्या दिवाळीत आमची पुतणी काम शिकायला बसली, तेव्हा सासूबाईंनी स्वतः ती पाटली काढून तिच्यापुढे धरली. म्हणाल्या, “मोटर नंतर. आधी आत काय आहे ते वाच.”

पुतणीने भिंग लावले आणि आतील अक्षरे मोठ्याने वाचली. तेव्हापासून आमच्या पाटावर येणारा प्रत्येक दागिना प्रथम आतून पाहिला जातो, त्यावरील खुणा वहीत उतरविल्या जातात, वजन लिहिले जाते आणि मगच कागदाचा क्रमांक ठरतो.